विम्यातून इंजेक्शन मिळवून देतो म्हणाले आणि माझ्या नावावर मधुमेह लिहून मोकळे झाले

वजन कमी करण्याची इंजेक्शनं विम्यातून मिळवून देतो असं सांगणारे मध्यस्थ सध्या जागोजागी दिसतात. त्यांतल्याच एकाने मला फसवलं. पैसे गेले ते गेलेच, पण मला नसलेला मधुमेह माझ्या विम्याच्या नोंदीत चढला, आणि तो काढून टाकायला आता फार यातायात पडतेय. तुमच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून सगळं लिहितेय.

या इंजेक्शनांपैकी एकात सेमाग्लुटाइड हे औषध असतं. ते मधुमेहासाठी ओझेम्पिक या नावाने येतं आणि वजनासाठी वेगोवी या नावाने. आतलं औषध तेच, पण विमा कंपनीच्या लेखी ही दोन वेगळी प्रकरणं. मधुमेहासाठी मंजुरी मिळण्याची शक्यता बरी असते. वजनासाठीचा खर्च मात्र अनेक पॉलिसींमध्ये सरळ वगळलेला असतो. वगळलेला नसला तरी बहुधा आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि त्यासाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, ३० किंवा जास्त, नाहीतर किमान २७ आणि जोडीला उच्च रक्तदाबासारखा आजार, असं डॉक्टरांना कागदोपत्री दाखवावं लागतं. मला रक्तदाब आहे आणि बीएमआयही या निकषात बसतो. तरीही माझा अर्ज नाकारला गेला. त्याच सुमाराला या मध्यस्थांची जाहिरात दिसली: ‘विम्याने नकार दिला? मंजुरीची जबाबदारी आमची.’

फोनवरची बाई फार आपुलकीने बोलायची. “ताई, तुम्ही फक्त फॉर्म भरा आणि पॉलिसीचा नंबर द्या, बाकी सगळं आमचे डॉक्टर बघतील.” ते डॉक्टर माझ्याशी एकदाही बोलले नाहीत. घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झालाय का, मला कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, हे कोणीच विचारलं नाही. थायरॉइडच्या एका विशिष्ट कॅन्सरचा इतिहास असेल तर हे औषध देतच नाहीत, म्हणजे हा प्रश्न पहिल्याच भेटीत यायला हवा. सभासद शुल्क मात्र दर महिन्याला कार्डावरून आपोआप कापलं जात होतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, “फाइल प्रोसेसमध्ये आहे.”

मग विमा कंपनीचं पत्र आलं. आधी मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेतल्याचा पुरावा द्या आणि एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट जोडा, असं त्यात लिहिलं होतं. मेटफॉर्मिन मी आयुष्यात घेतलेली नाही. कंपनीकडून अर्जाची प्रत मागवली, तेव्हा त्यात निदान दिसलं: टाइप २ मधुमेह. औषधाचं नाव ओझेम्पिक. खाली एका डॉक्टरची सही.

लोकांना वाटतं, फार तर क्लेम नाकारतील. तेवढ्यावर थांबत नाही. खोटं निदान देऊन क्लेम करणं ही विमा कंपनीची फसवणूक ठरते, आणि अर्ज आपल्या नावाचा असल्याने पहिला जाब आपल्यालाच विचारतात. पुढे नवी पॉलिसी घेताना हा मधुमेह ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून आडवा येऊ शकतो. उद्या मी बेशुद्धावस्थेत कुठे दाखल झाले, तर तिथले डॉक्टरही ही नोंद खरी धरून चालतील. याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

मंजुरी येईपर्यंत ‘तेच औषध’ म्हणून त्यांनी एक छोटी बाटली आणि इन्शुलिनच्या सिरिंज पाठवल्या. बाटलीवर ना उत्पादकाचं नाव, ना बॅच नंबर. वेगोवी पेनसारख्या तयार इंजेक्शनमध्ये येतं, आणि न उघडलेलं पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं असतं. हे पार्सल साध्या खोक्यातून आलं. पेनमध्ये मात्रा ठरलेली असते, सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने. बाटलीतून आपणच भरायचं तर मिलिग्रॅम आणि सिरिंजवरचे युनिट यांत गोंधळ होतो. ठरल्यापेक्षा ५ ते २० पट औषध टोचून घेतलेल्या रुग्णांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये इशारा दिला होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबद्दल सावध केलं होतं. त्या बाटलीतलं औषध मी टोचून घेतलं नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि तक्रारीसाठी पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितली.

कोणी तुमच्या वतीने अर्ज करणार असेल, तर पाठवण्याआधी त्याची पूर्ण प्रत मागा आणि निदानाचा रकाना स्वतः वाचा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. मंजुरीची हमी विमा कंपनीखेरीज कोणीच देऊ शकत नाही. नकार आला तर त्याचं कारण लेखी घ्या आणि तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांकडून फेरविचाराचा अर्ज करा. त्याला बहुतेक वेळा मुदत असते, ती पत्रातच दिलेली असते.

मी बँकेत सांगून कार्डावरची कपात बंद केली. मधुमेह नसल्याचं डॉक्टरांचं पत्र आणि रक्ताचा ताजा रिपोर्ट विमा कंपनीला दिलाय, आणि त्या सही करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केलीय. नोंद दुरुस्त झाल्याचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. फोनवरच्या त्या बाईचा नंबर आता लागत नाही, जाहिरात मात्र दुसऱ्या नावाने सुरू आहे, मजकूर शब्दशः तोच.