बोनसचे चाळीस हजार कुठल्या कर्जात भरायचे? मुदतीआधी परतफेडीच्या सोयींची झाडाझडती

दिवाळीचा बोनस, महागाई भत्त्याचा फरक, भिशीची उचल नाहीतर विम्याचा मनीबॅक. हातात अचानक तीस-चाळीस हजार आले की घरात पहिलं नाव गृहकर्जाचं निघतं, कारण आकडा सगळ्यात मोठा त्याचा असतो. क्रम लावायचा तो आकड्यावरून नव्हे, दरावरून. शिवाय जादा भरलेले पैसे ती संस्था नेमके कुठे वळते करते, हेही तपासायचं. आम्ही गुण देताना भर दिलाय तो यावरच. हिशेब सगळीकडे ४०,००० रुपयांचा आहे.

क्रेडिट कार्डापासून सुरुवात, कारण थकबाकी असेल तर दुसरीकडे बघायचंच कारण नाही. महिना ३.५ टक्के दराने ४०,००० वर व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, म्हणजे दरमहा १,६५२ रुपये. वर्षाला जवळपास ५० टक्के. ‘मिनिमम ड्यू’ पाच टक्के धरला तर २,००० होतो. तो इमानदारीत भरला तरी मूळ रक्कम फक्त ३४८ रुपयांनी खाली येते. व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे त्या आशेवर बसू नका.

परतफेडीची सोय म्हणून मात्र कार्ड उत्तम. दंड नाही, अर्ज नाही, यूपीआयने पाच मिनिटांत काम होतं. गोची पुढे होते. बिलावरचा आकडा पूर्ण भरला तरी पुढच्या बिलात दोन-चारशे रुपये व्याज येतंच. ते बिल निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं असतं. लोक वैतागून ते सोडून देतात आणि त्यावर पुन्हा व्याज चालू होतं. म्हणून भरण्याआधी कस्टमर केअरला ‘आजच्या तारखेला एकूण येणं किती’ हे विचारायचं, पुढच्या बिलातली शेपटीही मुकाट भरायची आणि ती निघेपर्यंत कार्ड वापरायचं नाही. बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा घेतलात तरी पहिल्या दिवसापासून मीटर चालू. एटीएममधून कार्डावर काढलेली रोकड तर कधीच बिनव्याजी नसते. थकबाकी ७०,००० असेल तर ४०,००० रोख भरा आणि उरलेल्या ३०,००० चे हप्ते करून घ्या. दर बराच उतरतो, फक्त प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी आधी विचारून घ्या. बाकी शून्य झाली आणि कार्ड बंदच करायचं असेल, तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केलं पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पाच पैकी साडेचार. अर्धा गुण त्या शेपटीपायी गेला.

सोनेतारण हे दुसरं, आणि इथे दरापेक्षा तारीख महत्त्वाची. बहुतेक छोटी कर्जं बारा महिन्यांनी एकरकमी फेडायची असतात. मधे हप्ता नसल्यामुळे ती विसरली जातात आणि आठवण येते ती लिलावाच्या नोटिशीने. काही फायनान्स कंपन्यांच्या योजनांत जाहिरातीतला कमी दर फक्त दरमहा व्याज भरणाऱ्याला असतो. दोन-तीन महिने चुकलात की दर वरच्या पायरीवर जातो. पावतीच्या मागचा तक्ता वाचा. समोरचा माणूस आपणहून सांगत नाही. चाळीस हजारात पूर्ण कर्ज सुटत नसेल, तर साचलेलं व्याज आधी भरा, उरलेलं मुद्दलात. दागिने एकाच पाकिटात असतील तर थोडे पैसे भरून एक बांगडी सोडवता येईलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी पूर्ण खातं मिटल्याशिवाय पाकीट उघडत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी गहाण टाकतानाच दोन वेगळी खाती करा. सोडवलेलं सोनं तिथल्या तिथे वजन करून घ्या. पाच पैकी साडेतीन, पण लिलावाची तारीख महिन्यावर आली असेल तर हे कर्ज कार्डाच्याही पुढे.

वैयक्तिक कर्जाची सोय सगळ्यात कटकटीची. दर सहसा स्थिर असतो आणि स्थिर दराच्या कर्जावर दंड घ्यायला संस्था मोकळ्या आहेत. १४ टक्क्यांच्या कर्जात ४०,००० भरले तर पहिल्या महिन्यात ४६७ रुपये व्याज वाचतं. चार टक्के दंड आणि जीएसटी मिळून जातात १,८८८, म्हणजे चार महिन्यांची बचत दंडातच संपली. मुदत सहा-आठ महिनेच उरली असेल तर हा व्यवहार आतबट्ट्याचा, कारण शेवटच्या हप्त्यांत व्याज फारसं नसतंच. सगळ्यात मोठी चूक ॲपमध्ये होते. नुसते जादा पैसे भरले तर अनेक ठिकाणी ते ‘ॲडव्हान्स ईएमआय’ म्हणून पडून राहतात. मुद्दल तसंच, व्याज तसंच. ‘पार्ट पेमेंट’ हाच पर्याय निवडायचा आणि दोन दिवसांनी नवं परतफेड-पत्रक उतरवून मुद्दल उतरलं का ते पाहायचं. पहिले बारा महिने ही सोय बंद असते, हेही अनेकदा करारात लपलेलं असतं. पाच पैकी दोन.

पगारदार पतसंस्थेचं कर्ज सहसा सोपं. पण हप्ता थकला असेल तर तेवढा आधी भरा, कारण वसुली जामीनदाराच्या पगारापर्यंत जाते आणि ऑफिसात रोज तोंड दाखवायचं असतं. ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर घेतलेला मोबाइल किंवा फ्रीज आहे तसा चालू द्या, आधी फेडून काही वाचत नाही.

आता गृहकर्ज. घरासाठी वैयक्तिक नावावर घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही, त्यामुळे सोय निर्दोष. २० लाख शिल्लक, १५ वर्षं, ८.५ टक्के, हप्ता १९,६९५. त्यात ४०,००० भरून मुदत कमी करून घेतली तर शेवटचे साधारण सात हप्ते उडतात, म्हणजे निव्वळ लाखाच्या आसपास बचत. तेच पैसे भरून हप्ता कमी करून घेतला तर तो जेमतेम ३९४ रुपयांनी उतरतो आणि एकूण बचत ३१,००० च्या घरात येते. अर्जावर ‘मुदत कमी करावी, हप्ता तोच ठेवावा’ असं स्पष्ट लिहा. पण तो लाख पंधरा वर्षांनंतरचा आहे. आज महिन्याला वाचतात २८३ रुपये, कार्डावर वाचत होते १,६५२. म्हणून आधी कार्ड, आणि तिथे सुटलेले महिन्याचे २,००० मग इकडे वळवा. सोयीला पाच पैकी पाच, क्रमात शेवटून दुसरं.

शेवटचं पीककर्ज, आणि तेच कधीकधी पहिलं ठरतं. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत पूर्ण फेडलं तर केंद्राची ३ टक्के आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची ३ टक्के सवलत मिळून जिल्हा बँकेचं व्याज शून्यावर येतं. म्हणून एरवी हे आधी फेडायची काहीच घाई नाही. पण दीड लाखाच्या कर्जात मुदतीच्या आठवड्यात ४०,००० कमी पडले, तर पूर्ण दीड लाखावरची सवलत जाते, म्हणजे वर्षाचे ९,००० रुपये. त्यापुढे कार्डाचं एका महिन्याचं व्याज परवडलं. आपली नेमकी तारीख विकास सोसायटीच्या सचिवाकडून लिहून घ्या, भरणा त्याआधी दोन-तीन दिवस करा, आणि पावतीवर जमा झाल्याची तारीख पडली आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी पाहा.