सिनेमासाठी सीझन सोडला

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकाचा सीझन दिवाळीला लागतो आणि होळीच्या आसपास उठतो. आम्हा कलाकारांची वर्षाची कमाई त्या चार-साडेचार महिन्यांतच. अठरा वर्षं मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांमध्ये खलनायक रंगवला. मागच्या वर्षी एका सिनेमासाठी सीझन सोडला आणि पार बुडालो. तोच निर्माता आता भंडाऱ्याकडे ऑडिशन घेत फिरतोय असं कळलं, म्हणून हे लिहितोय.

तो नागपूरहून आला तेव्हा धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून आमच्या रंगभूमीचं नाव बाहेर गेलंय. त्याने तेच धरलं. म्हणाला, "भाऊ, एवढी कला काहून मंडपातच ठेवून राह्यले?" हे वाक्य मला लागलं. अठरा वर्षांत हाच प्रश्न मी स्वतःला किती रात्री विचारला होता, ते त्याला कसं कळलं कोण जाणे.

मी आणि कंपनीतली एक बावीस वर्षांची मुलगी, दोघांकडून त्याने "कलाकार कार्डा"चे वीस-वीस हजार घेतले. आमच्या पेटीमास्तरांकडून भागीदारीचे म्हणून दीड लाख. मास्तरांनी शंका काढली तेव्हा तो म्हणाला, मराठी सिनेमाला सरकार अनुदान देते, 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख, पैसा कुठं जात नाही. आकडे खरे होते, म्हणून आम्ही फसलो. ते अनुदान सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळाल्यावर, समितीने पाहून दर्जा दिला तरच मिळतं. कागदावरच्या सिनेमाला कोणी दमडी देत नाही. हे तेव्हा आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं.

पण पैशापेक्षा वाईट होता तो स्टॅम्पपेपर. "चित्रपट पूर्ण होईपर्यंत कलाकार अन्यत्र काम करणार नाही." पूर्ण कधी होणार, त्याची तारीखच नव्हती. नोटरी करून प्रत पाठवतो म्हणून त्याने तो नेला, तो आजतागायत आला नाही. मी कंपनीची उचल, म्हणजे सीझनसाठी घेतलेले आगाऊ पैसे, परत केली. मालक एवढंच म्हणाले, "विचार कर. जागा रिकामी नाही राहत."

शूटिंग चाललं नऊ दिवस. शेजाऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, धानकापणीचा सीन होता. दिग्दर्शकाचं मन भरेना, म्हणून कापलेल्या पेंढ्या पुन्हा चिखलात उभ्या करून तोच सीन सकाळपासून दुपारपर्यंत घेतला. लोंब्यांचे दाणे झडून पाण्यात गेले. शेजाऱ्याची बायको धुऱ्यावर बसून ते बघत होती, तोंडातून शब्द नाही. नुकसानभरपाई देतो असं निर्मात्याने माझ्यादेखत कबूल केलं होतं. तिच्या अंगणावरून जाताना आजही माझी मान खाली जाते.

दहाव्या दिवशी कॅमेरावाल्यांनी सामान गाडीत भरलं. त्यांनाही पैसे मिळाले नव्हते. झालेलं सगळं शूटिंग एका हार्डडिस्कमध्ये, ती ते घेऊन गेले. निर्मात्याचा फोन बंद. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, करार कुठे आहे?

गावोगावची मंडळं नाटक ठरवायला वडशाला येतात तेव्हा पोस्टरवर कोण आहे ते बघतात. यंदाच्या पोस्टरवर माझा फोटो नाही. कोणी आजारी पडला की निरोप येतो, तेवढ्या नाइट, म्हणजे तेवढे प्रयोग, करतो. मास्तरांचे दीड लाख त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले होते. लग्न पुढे ढकललं.

भंडाऱ्याकडच्या कलाकारांनो, हात जोडून सांगतो. काम देणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. सिनेमाचं नाव कोणत्या संस्थेकडे नोंदवलं त्याचं पत्र मागा. करारात शेवटची तारीख आणि मानधनाचे हप्ते लिहून घ्या, आणि सही केली त्याच जागी प्रत हातात घ्या. सिनेमा करायचाच असेल तर होळीनंतरच्या तारखा द्या. खऱ्या निर्मात्याला त्या चालतील.

कंपनीतल्या त्या बावीस वर्षांच्या मुलीचे दोनच सीझन झाले होते. प्रवेशाला वन्समोअर घ्यायची. आता तिचं नाव निघालं की मालक लोक म्हणतात, "ते मधातच सोडून जाते." ती सध्या नागपुरात कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. सिनेमाला हो म्हण, असं तिला मीच सांगितलं होतं.