कव्हर आणि पोस्टर बघून डिझाइन शिकवणारा कोर्स : डोळा तयार होतो, हात नाही

पुस्तकांची कव्हरं आणि सिनेमाची पोस्टरं उलगडून दाखवत ग्राफिक डिझाइन शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला, कोणाला घ्यायचा असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय. सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर या वाटेला जाऊच नका, एक पण टूल शिकवत नाहीत, आणि माझ्या मते तेच बरंय. कुठलं बटण दाबायचं ते फुकटात कुठेही मिळतं, पण समोरचं पोस्टर का जमलंय हे नीट सांगणारं कोणी भेटत नाही.

सगळ्यात भारी धडा 'जॉज'चा. ते शार्कचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण ते रॉजर कॅस्टेलने मुळात कादंबरीच्या पेपरबॅक कव्हरसाठी रंगवलेलं आणि १९७५ च्या सिनेमाने तेच पोस्टरला घेतलं. इथे शिकवणारे एकेक गोष्ट हाताने झाकून दाखवतात. वरची पोहणारी बाई झाकली की शार्क नुसता एक मासा उरतो, केवढा आहे ते कळतच नाही, म्हणजे त्याचा आकार खरंतर त्या एवढ्याशा बाईमुळे आहे! मग शार्कचं तोंड म्हणजे वर टोक असलेला त्रिकोण, बाई आडवी, आणि दोघांच्या मधलं पाणी मोकळं सोडलंय, भीती सगळी तिथेच. हे बघितल्यावर मोकळ्या जागेत काहीतरी भरायची खाज आपोआप कमी होते.

पेंग्विन या इंग्रजी प्रकाशनाच्या कव्हरांचा भाग आधी कंटाळवाणा वाटतो पण सोडू नका. १९३५ चे एडवर्ड यंगचे ते तीन आडवे पट्टे, कादंबरीला नारिंगी, क्राइमला हिरवा, आणि मग १९४७ मध्ये यान चिकोल्ड हा अक्षररचनाकार आला त्याने पट्टे ठेवले पण अक्षरांमधलं अंतर वगैरे सगळं घासूनपुसून नीट केलं. दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला सांगतात. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग एकदा दिसलं की जुनं बघवत नाही. 😄

पोस्टरच्या खाली ती उंच सडपातळ अक्षरांची क्रेडिट्स असतात ना, त्याचं पण कारण सांगितलंय, करारात नावांची उंची सिनेमाच्या टायटलच्या हिशोबाने ठरते, म्हणून उंची राखायची आणि रुंदी दाबायची. सिनेमाची पोस्टरं करणारा गाजलेला डिझायनर सॉल बास मात्र नेहमीसारखा घाईत उरकलाय.

आता न आवडलेलं. उदाहरणं सगळी गाजलेलीच. फसलेलं कव्हर एक पण घेतलेलं नाही, आणि मला तर वाटतं शिकायला तेच जास्त लागतं, कारण आपण जे करतो ते सुरुवातीला तसंच दिसणार असतं. दुसरं म्हणजे टायपोग्राफीचं, म्हणजे अक्षरांच्या मांडणीचं, सगळं रोमन अक्षरांवर. कॅपिटलमध्ये अंतर वाढवा म्हणतात, ते देवनागरीत करून बघा, शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात, वर-खाली मात्रा आणि उकार असतात म्हणून दोन ओळींमधलं अंतर पण वेगळं धरावं लागतं. त्याबद्दल एक अक्षर नाही, ते आपलं आपणच शोधायचं.

आणि असाइनमेंट? कव्हर लहान करून, रंग काढून, डोळे किलकिले करून बघा आणि आधी काय दिसलं ते लिहा, हे मस्त आहे, मी अजून करते. पण स्वतः कव्हर बनवून पाठवलं की उत्तर येतं "छान प्रयत्न", सगळ्यांना तेच. एवढे पैसे घेता तर निदान टायटल कुठे बसत नाहीये ते तरी सांगा ना.

घेणार असाल तर मोबाईलवर बघू नका, बारीक अक्षरं दिसतच नाहीत. आणि सबटायटल्स बंद ठेवा, ती नेमकी पोस्टरच्या खालच्या क्रेडिट्सवरच येऊन बसतात.