काळा घोडा फेस्टिव्हल : नाशिकहून सकाळी जाऊन रात्री परत, रविवार घरीच

आधीच सांगते, मी काही चित्रकलेतली जाणकार नाही, एलिमेंटरीला सी ग्रेड होता माझा. पण दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी काळा घोडा फेस्टिव्हलचे फोटो टाकतं आणि आपण इथे बसून लाइक करत राहतो, यंदा म्हटलं जायचंच. मुंबईतले हॉटेलचे रेट बघून नवरा म्हणाला राहायचं बिहायचं काही नाही, पंचवटीने जाऊ पंचवटीनेच येऊ. आणि तोच प्लॅन भारी निघाला.

नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास पंचवटी, गाडी वेळेत असली तर पावणेअकराला सीएसएमटी. तिथून टॅक्सी करू नका, फाउंटनवरून चालत वीस मिनिटं लागतात. आम्ही पोचलो तेव्हा स्टॉलवाले अजून चादरी काढत होते, झाडांखाली सावली होती, लेकीला प्रत्येक गोष्टीला नाक लावून बघता आलं. हीच वेळ गाठा. चारनंतर जी गर्दी येते ती अर्धी सेल्फीला येते, मोठ्या इन्स्टॉलेशनपुढे आपला नंबर लागेपर्यंत मूल कंटाळून खाली बसतं (आमचं बसलं).

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 1999 पासून चाललाय हा फेस्टिव्हल, नऊ दिवस असतो आणि एंट्री फ्री. चित्रं, स्टॉल, नाच, नाटक, डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत पुस्तकांवरचे कार्यक्रम, मुलांची वर्कशॉप. त्याची नोंदणी आधी करून ठेवा, आम्ही ऐनवेळी गेलो आणि लेकीला हवं ते भरलेलं होतं, चूक आमचीच. जहांगीर आर्ट गॅलरीमध्येही चक्कर मारली, बाहेरच्या कलकलाटानंतर आतली शांतता फार बरी वाटते. समुद्र मात्र तिथून दिसत नाही हं, गेटवेपर्यंत दहा मिनिटं चालावं लागतं. दुपारी तिकडे कठड्याशी उभं राहून घरून आणलेल्या पोळीच्या गुंडाळ्या खाल्ल्या, वारा असा की नवऱ्याची टोपी जाता जाता वाचली.

काळ्या घोड्याच्या पुतळ्याशी लेक म्हणाली, आई यावरचा माणूस कुठे पडला? तिला सांगितलं की जुन्या पुतळ्यावर इंग्रजांचा राजा होता, सातवा एडवर्ड, 1965 मध्ये तो घोड्यासकट तिथून हलवला, आता राणीच्या बागेत आहे, आणि हा नुसता घोडा 2017 मध्ये नवीन बसवला. त्यावर तिचा प्रश्न, म्हणजे राजा आता माकडांजवळ राहतो का. बाजूचे दोन काका हसायला लागले.

आता खरेदी. माझा सगळा वेळ एका वारलीच्या स्टॉलवर गेला. अॅल्युमिनियमची किटली, बाहेरून गेरूचा रंग आणि त्यावर तारपा नाच, पांढऱ्या माणसांचा गोल वेटोळा, मधे तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस, डोक्याला ठिपका, बस्स. तरी कुठला पाय उचललेला, कुठला टेकलेला सगळं कळतं. दादा बसल्या बसल्या पुढची किटली रंगवत होते. म्हणाले भिंतीवर काढायचं तर तांदळाचं पीठ आणि बांबूची चेचलेली काडी, इथे किटलीवर अॅक्रेलिक लावतो नाहीतर टिकत नाही. मग विचारलं, ताई कुठून आलात? नाशिक म्हटल्यावर हसलेच, "मग मुंबईला कशाला? त्र्यंबकवरून पुढे घाट उतरला की मोखाडा, तिथेच आमचं घर." म्हणजे ते उलट्या दिशेने आले, आम्ही उलट्या दिशेने आलो आणि भेटलो फोर्टात! साडेसहाशे सांगितले, मी घासाघीस केली नाही, एका माणसाला किती वेळ लागतो ते समोर दिसत होतं. रोख पैसे न्या मात्र, गर्दीत नेटवर्क मान टाकतं आणि यूपीआय नुसतं गोल गोल फिरत बसतं. खाण्याचं फार सांगत नाही, एका स्टॉलवरची गार पावभाजी आणि तिचं बिल दोन्ही विसरायचा प्रयत्न चालू आहे.

सव्वासहाच्या पंचवटीने परत, कसाऱ्यानंतर सगळे झोपलेले.

रविवारी उठले नऊला. मुंबईत घाम पुसत होतो आणि इथे अंगावर शाल, गच्चीत ऊन हवंहवंसं, शेजारच्या आंब्याला मोहर आलाय त्याचा वास. पंचांगातला वसंत चैत्रात येतो तर येऊ दे, आमच्याकडे तो आलाय. नवरा मळ्यातली मिसळ बांधून घेऊन आला, येताना दोन किलो द्राक्षं. मी किटली गॅलरीत ठेवून लांबून बघायचं ठरवलं होतं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून घासायचा आवाज. सासूबाईंनी ती चहाची समजून तारेच्या घासणीने घेतली होती! दादांनी बजावलं होतं की नुसत्या ओल्या फडक्याने पुसा, ते मी घरी सांगायलाच विसरले. नाच करणारे वाचले, तारपावाल्याच्या हातातला तारपा गेला.

त्यामुळे किटलीला माझ्याकडून पाचपैकी पाच, तक्रार नाही, फक्त घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा. दुपारी सासूबाईंनीच वाटीत तांदळाचं पीठ कालवलं आणि काडेपेटीच्या काडीने तारपा परत काढला. जरा जास्तच फुगलाय, दुधी भोपळा वाटतो. पण खरा तारपा भोपळ्याचाच करतात, असं मी त्यांना सांगितलंय.