अशोक चौकाजवळची अभ्यासिका: सीईटी रिपीटसाठी आठ महिने बसले, खरं काय ते लिहितेय

आधीच सांगते, नाव टाकणार नाहीये, कारण खाली डिपॉझिटचं रडगाणं आहे आणि अभ्यासिका चालवणारे काका मला चांगलं ओळखतात. सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडं, पहिला मजला, खाली झेरॉक्सचं दुकान, एवढ्यावर ज्याला कळायचं त्याला कळेल. सप्टेंबर ते एप्रिल बसले मी तिथं, एमएचटी-सीईटी पीसीएम (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सवाली) दुसऱ्यांदा द्यायला. पाचपैकी साडेतीन स्टार.

आमचं घर साखर पेठेत. भिंतीला भिंत लागून यंत्रमाग, दिवसभर खटाक खटाक, झोप लागते त्याच्यात पण इंटिग्रेशन होत नाही, आणि दोन खोल्यांत पाच माणसं. पहिल्या वर्षी क्लास लावला होता, बाबांचे साठ हजार गेले आणि माझे ७६ पर्सेंटाइल आले, म्हणजे शंभरातली ७६ पोरं माझ्या मागं (आईला अजून वाटतं ७६ टक्के मार्क पडले, मी पण दुरुस्त केलं नाही). परत पैसे मागायला तोंड नव्हतं म्हणून सेल्फ स्टडी, आणि सेल्फ स्टडीला जागा पाहिजे म्हणून ही अभ्यासिका.

फी सकाळी ६ ते २ शिफ्टची महिना ६००, फुल डे १०००, डिपॉझिट ३०० वेगळं. मी मोठ्या जोशात फुल डे घेतला आणि दोन महिने वरचे चारशे पाण्यात घातले, कारण दुपारी जेवून आल्यावर मी नुसती बसायचे, पुस्तक उघडं, डोळे उघडे, आत काही नाही. सकाळची शिफ्टच घ्या. रात्रीचा प्रश्नच नाही, मुलींना नऊनंतर बसू देत नाहीत. सहाला शटर उघडतं म्हणतात पण काका साडेसहाच्या आत कधी आले नाहीत, आम्ही सायकली लावून पायरीवर बसायचो. टॉयलेट स्वच्छ, पाण्याचा जार रोज भरलेला, आणि सोलापुरात पाणी कितव्या दिवशी येतं हे माहीत असलेल्याला यातली किंमत कळेल. वायफायला शून्य, चाळीस जणांत एक, सोडून द्या.

गर्दी सगळी एमपीएससी आणि पोलीस भरतीवाल्यांची, सीईटीची आम्ही चार-पाच पोरं. याचा मला फायदाच झाला. शेजारच्या केबिनला एक ताई होत्या, एमपीएससीचा चौथा अटेम्प्ट, बोलायच्या कमी. नोव्हेंबरात एकदा माझी वही चाळली त्यांनी. मी गणितं दोन रंगांच्या पेनांनी, चौकटी आखून, एकदम सुरेख उतरवलेली. त्या म्हणाल्या, "हे तर तुला येतंयच की बे, मग परत कशाला लिहितीस?" मी गप्प. खरंच होतं, दोन महिने मी येणारीच गणितं सोडवत होते, बरं वाटायचं ना.

त्या दिवसापासून चुकांची वही घातली. मागच्या वर्षांचा पेपर घ्यायचा, घड्याळ लावून सोडवायचा, आणि चुकलेलं तेवढंच वहीत, पुढं कारण एका शब्दात: येत नव्हतं, घाई, नीट वाचलं नाही. पहिल्याच पेपरात ३१ चुका निघाल्या आणि त्यातल्या १२ नीट न वाचल्याच्या! 'चुकीचे विधान ओळखा' म्हटलंय आणि मी बरोबर विधानावर टिक करून मोकळी. क्लासमध्ये वर्षभर हे कुणी दाखवलं नाही, दाखवणार तरी कसं, शंभर पोरं एका हॉलमध्ये. दर रविवारी फक्त तीच वही, नवीन काही नाही.

वेळेचं गणित पण इथंच बसून कळलं. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्स ५० प्रश्न ९० मिनिटांत, १०८ सेकंद, पण प्रत्येकी २ मार्क. मी आधी केमिस्ट्री ३५ मिनिटांत उडवायचे, उरलेली ५५ फिजिक्सला, अडलं की पुढं, दुसऱ्या फेरीत बघू. निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळं शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांना काहीतरी टिक करायचंच, कोरं सोडणारी पोरं बघितलीत मी, काय बोलायचं. यासाठी मोबाईलला ९० मिनिटांचा टायमर, सायलेंट, व्हायब्रेटवर. आता केबिन म्हणजे सहा जणांत एकच लांब प्लायवूड. पहिल्यांदा टायमर वाजला तेव्हा ते अख्खं प्लाय घर्रर्र झालं, सहाच्या सहा डोकी वर आली आणि टोकाच्या पोलीस भरतीवाल्याचा चहा सांडला. तेव्हापासून मोबाईल मांडीवर.

आणि अकरावी. आपल्याकडं अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, पण सीईटीला २० टक्के वेटेज अकरावीचं, म्हणजे प्रत्येक विषयात ५० पैकी १० प्रश्न, नुसत्या मॅथ्समध्ये २० मार्क. सगळी अकरावी नाही, ठरावीकच धडे, यादी परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या सिलॅबसमध्ये आहे, मी खालून झेरॉक्स काढून समोर प्लायला चिकटवली. पुस्तकं बालभारतीचीच, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. केमिस्ट्री तर ओळ न ओळ वाचा.

एक कमी राहिली ती स्क्रीनची. पेपर कॉम्प्युटरवर, प्रश्न वर आणि रफ काम खाली कागदावर, मान वरखाली करून आकडे उतरवताना चुका होतात, ६ चा ८ होतो. इथं कॉम्प्युटर नाही, मग शेवटचा महिनाभर शनिवारी सायबर कॅफेत जाऊन मॉक दिले, ते मात्र करा.

जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात अभ्यासिका निम्मी रिकामी, मी पण दोन दिवस गेले नाही, नंदीध्वज बघितल्याशिवाय कसं व्हायचं.

खरा त्रास मार्चपासून. ऊन चाळिशीला गेलं की काका मोठा कुलर लावतात, आणि माझी १७ नंबर केबिन बरोब्बर त्याच्या तोंडासमोर. थंडगार लागतं, पहिले दोन दिवस वाटलं लॉटरी लागली, पण वाऱ्याबरोबर बारीक थेंब येतात. एक दिवस वही उघडी ठेवून डबा खायला खाली गेले, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, वीस मिनिटं फार तर, येऊन बघते तर जेल पेनची शाई सगळी पसरलेली, ऑर्गॅनिकची पानं निळी झाली, आणि त्याच वहीत मागं खोचलेली डिपॉझिटची पावती पण पुसली. एप्रिलअखेर तीनशे मागायला गेले तर काका म्हणाले, पावतीवर काय दिसतंय का बघ तूच. रजिस्टर बघा म्हटलं, तर ते मागच्या वर्षीचं गठ्ठ्यात गेलं म्हणे. सप्टेंबर मागच्या वर्षीच येतो ना, बरोबर आहे. एक स्टार त्याचा, अर्धा वायफायचा.

यंदा ९३ पर्सेंटाइल आले. रोज डब्ल्यूआयटीच्या (वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या) गेटवरून सायकल हाणत जायचे, आता कॅप राउंडमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या फेरीत, तेच पहिलं टाकलंय, बघू कुठली ब्रँच लागते.

जाणार असाल तर ४ किंवा ५ नंबर मागा, खिडकी आहे आणि कुलर लांब आहे. साधं बॉलपेन वापरा. आणि पावतीचा पहिल्याच दिवशी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.