खारीक कुठली ते तोंडावर सांगणारं दुकान (मसाला मार्केट, वाशी)

वहिनीला मुलगी झाली, तर डिंकाच्या लाडवांचं सामान आणायला मागच्या शनिवारी या दुकानात गेले होते. ठाण्याहून पनवेल गाडी, तुर्भ्याला उतरून रिक्षा. अकराच्या आत पोचा, नंतर टेम्पो न हातगाड्यांमधून चालायला पण जागा नसते.

आधी मला काय आवडलं ते सांगते. मी विचारलं काका ही खारीक कुठली, तर काका लगेच म्हणाले ओमानची, आणि गोणीवरचा शिक्का फिरवून दाखवला. न मागता. असं मला आजपर्यंत कुणी दाखवलं नव्हतं. आमच्या घराजवळच्या एका दुकानातनं गेल्या वर्षी "दुबईची आहे ताई, एक नंबर" म्हणून दोन किलो घेतली होती, अर्धी किडकी निघाली, आणि नंतर बातम्या वाचल्यावर तर मला नीट झोप लागली नाही की आपण नक्की कुठली खाल्ली आणि बाळंतिणीला कुठली घातली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे येणारी खारीक वर्षानुवर्षं बहुतेक पाकिस्तानातून, सिंधमधून यायची. ओटीत आपण जी खारीक घालतो ती पण. फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा झालं आणि तिकडच्या मालावर २०० टक्के ड्युटी लागली, मग पहलगामनंतर २ मे २०२५ पासून आयात पूर्णच बंद, तिसऱ्या देशातून फिरवून आणलेला माल पण चालत नाही. तरी लोकांनी आणलाच. जून २०२५ मध्ये डीआरआयने (तस्करी पकडणारं केंद्र सरकारचं खातं) आपल्या इथेच न्हावा शेवा बंदरात ३९ कंटेनर पकडले, १,११५ टन माल, साधारण ९ कोटींचा, कागदावर दुबईचा आणि प्रत्यक्षात पाकिस्तानचा, त्यात सुकी खारीक होती. न्हावा शेवा म्हणजे इथून तासाभराच्या आतलं अंतर. तो माल पकडला नसता तर तो याच बाजारात येऊन आपल्याच लाडवात गेला असता, म्हणून कुठली आहे हे विचारणं म्हणजे उगाच चौकशी नाही, आपला हक्क आहे तो. काका म्हणाले दुबईची म्हणून कोणी फार स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, एवढंच.

मग अंजीर बघायला गेले आणि तिथे वादच सुरू झाला. दोरीत ओवलेले अफगाणी अंजीर, मऊ, मधासारखे, मी एक खाऊन बघितला. माझ्या शेजारी एक आजोबा होते, ते म्हणाले तालिबानला पैसे कशाला द्यायचे, देशी घ्या. तर ऐरोलीचे एक केटरर होते ते म्हणाले, "अंजीर काय तालिबान लावतं का, शेतकरी लावतो." आजोबा म्हणाले कर कोण घेतं मग? आणि ते खरंच बरोबर आहे, त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

मी पण बोलले. ऑक्टोबर २०२५ ला तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले तेव्हा पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना बोलावलं नव्हतं, ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली, आणि अफगाणिस्तानात मुलींना सहावीच्या पुढे शाळा नाही. माझ्या भाचीच्या लाडवाचं सामान घेताना हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मला राग येतोच. तरी मी अंजीर घेतले, कारण आपण माल बंद केला तर त्या मुलींची शाळा उघडणार नाही, बाग लावणारा घरी बसेल आणि घरात पैसा नसला की पहिला त्रास मुलींनाच होतो. व्यापार करावा पण आपल्या सरकारने दर बैठकीत शाळेचं विचारावं, मोकळेपणाने विचारावं, असं मला मनापासून वाटतं. त्याच महिन्यात काबूलमध्ये आपली एम्बसी पुन्हा सुरू झाली म्हणजे विचारायला आता माणूस आहे तिथे.

भाव का चढले ते काकांनी वजन करता करता सांगितलं. अफगाणी माल पाकिस्तानातून ट्रकने पंजाबातल्या अटारी सीमेवर यायचा, अटारी बंद झाल्यावर मे २०२५ मध्ये अडकलेल्या १६० ट्रकांना खास परवानगी देऊन आत घेतलं, मग ऑक्टोबरात पाकिस्तान-अफगाणिस्तानची आपसात मारामारी झाली न त्यांच्यातलाच रस्ता बंद. आता राहिलं विमान आणि इराणचं चाबहार बंदर. चाबहारमार्गे २०१९ ला पहिल्यांदा २३ ट्रक सुकामेवा, गालिचे वगैरे मुंबईकडे निघाला होता, आणि २०२४ ला आपण तिथला दहा वर्षांचा करार पण केला, पण इराणवरच्या अमेरिकेच्या निर्बंधांमुळे ते काम सारखं लटकतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये काबूल-दिल्ली, काबूल-अमृतसर मालवाहू विमानांची घोषणा झाली. पण विमानाने आलेला अंजीर स्वस्त कसा पडेल? "वाट जितकी वाकडी तितके मधले हात जास्त," काका म्हणाले. जहाजाची सरळ वाट झाली तर गिऱ्हाईकाचं पण भलं आणि तिकडच्या शेतकऱ्याचं पण, यासाठी जोर लावायला हवा असं मला वाटतं.

बाकी डिंक स्वच्छ, तळल्यावर छान फुलला, कचकच नाही. खोबरं ठीक, फार खास नाही. खसखस महाग वाटली म्हणून कमी घेतली. खारकेच्या बिया काढून तिथेच भरड करून देतात पण पाऊण तास थांबावं लागतं आणि बसायला एकच स्टूल, ते आजोबांना दिलं ते बरंच केलं. पिशव्या फार पातळ, घरी येईपर्यंत एक फाटली, दुकानाने हे सुधारायला हवं. यूपीआय चालतं. पाव किलो मागितलं तरी तोंड वाकडं करत नाहीत, होलसेल बाजारात हे कमीच.

आणि प्रत्येक पुडीवर पेनाने मालाचं नाव आणि देश लिहून देतात. अंजीर, अफगाणिस्तान. खारीक, ओमान. आईने त्या पुड्यांचे कागद डब्यात तसेच ठेवलेत.

पाच स्टार. गोडंबी मात्र संपली होती, हवी असेल तर आधी फोन करून जा.