कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकताना: मोठं ॲप की थेट व्हॉट्सॲप?

मोठ्या ॲपवर गिऱ्हाईक आयतं मिळतं. पण वाद झाला की निवाडा ॲपच करतं आणि परताव्याची रक्कम आपल्या पुढच्या पेमेंटमधून वळती होते. गिऱ्हाईक परताव्याचं कारण देतं 'साइज लहान', आणि परत आलेल्या कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) जोडाच्या तळाला धूळ, अंगठ्याच्या जागी घामाचा काळा ठसा! कारागिराच्या पोटावर पाय येतो तो इथे. पॅकिंगचा सलग व्हिडिओ, तळाचा फोटो आणि परत आलेलं पार्सल उघडतानाचं चित्रण मुदतीत दिलं, तरच दाव्यात काही दम राहतो.

थेट विक्रीत यूपीआयने पैसे आधी येतात. गिऱ्हाईक ते परस्पर मागे खेचू शकत नाही. (बँकेमार्फत तक्रार करून मात्र पैसे परत मागता येतात; हा चार्जबॅक कार्डावरही होतो आणि यूपीआयवरही.) शिवाय कागदावर पाऊल आखून त्याचा फोटो मागवता येतो, मापाची भांडणं बरीचशी तिथंच मिटतात. गिऱ्हाईक मात्र स्वतः शोधावं लागतं.

'परतावा नाही' लिहून कुठेच सुटका नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल विक्रेत्याला परत घ्यावाच लागतो.

हातविणीचा महाग जोड मी थेटच विकेन. ॲपवर साधे, ठरीव मापाचे जोड ठेवावेत.